इंजिनाचा ताल : दंतचक्र, साखळी आणि पट्टा

उधन्याच्या यंत्रमागांचा खडखडाट आपल्यापैकी अनेकांच्या कानी नित्य पडतो. धोट्याचा साधा माग लक्षपूर्वक पाहिला, तर त्यात दोन मुख्य दांडे दिसतात. वरचा दांडा दोनदा फिरतो, तेव्हा खालचा एकदाच फिरतो. कारण खालच्या दांड्यावरील दंतचक्रास दुप्पट दाते असतात. त्या एका फेरीत धोटा एकदा डावीकडून व एकदा उजवीकडून फेकला जातो. मोटारीच्या इंजिनातही नेमके हेच प्रमाण असते, असे आम्ही वर्गात सांगतो, तेव्हा विद्यार्थ्यांस मोठे नवल वाटते.

मोटारीच्या इंजिनात दट्ट्या दोनदा खाली व दोनदा वर गेला, म्हणजे कामाचे एक आवर्तन पुरे होते. तेवढ्यात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात. परंतु प्रत्येक झडप एकदाच उघडावयाची असते. म्हणून झडपा उघडणारा कॅमशाफ्ट निम्म्या गतीने फिरतो. क्रँकशाफ्ट मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदास २५ वेळा उघडते व मिटते. हा ताल राखण्याचे तीन उपाय आहेत.

पहिला दंतचक्रांचा. अनेक मालमोटारींच्या डिझेल इंजिनांत हाच योजतात. दंतचक्रे बळकट व दीर्घायुषी खरी, परंतु ती जड असतात आणि आवाजही करतात. कॅमशाफ्ट दूर, इंजिनाच्या माथ्यावर असेल, तर मध्ये आणखी चक्रे बसवावी लागतात.

दुसरा उपाय साखळीचा. जुन्या अँबॅसिडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत साखळीच होती. ती इंजिनाच्या तेलात न्हात असते. खिळे झिजले, की ती लांबते व खुळखुळू लागते.

तिसरा दातेरी पट्ट्याचा. जर्मनीतील ग्लास कंपनीने १९६२ साली तो आपल्या मोटारीत आणला. आपल्याकडे १९८३ साली निघालेल्या मारुती ८०० मध्येही पट्टाच होता. रबर व काचतंतूंचा हा पट्टा हलका, स्वस्त व शांत असतो. सामान्यतः तो कोरडाच चालतो. तेल लागल्यास खराब होतो. गाडी उभी असली, तरी त्याचे वय वाढतच राहते.

आता खरा भेद पाहा. दंतचक्र वा साखळी झिजली, तर ती बहुधा आवाज करून आपली व्यथा सांगते. पट्टा मात्र मुकाट्याने सेवा करतो आणि एके दिवशी अवचित तुटतो. मग अनेक इंजिनांत उघड्या राहिलेल्या झडपांवर दट्ट्या आदळतो, झडपा वाकतात, आणि थोडक्या किमतीच्या पट्ट्यापायी सारे इंजिन उघडावे लागते. ज्या कुटुंबाची रोजी गाडीवरच अवलंबून आहे, त्याची केवढी ही हानी!

म्हणून जुनी मोटार घेताना पालकांनी रंगाआधी एक गोष्ट विचारावी : पट्टा केव्हा बदलला? निर्मात्याने ठरविलेले किलोमीटर वा वर्षे, यांपैकी जे आधी भरेल, तेव्हा तो बदलावा व ती तारीख वहीत लिहून ठेवावी. जो तक्रार करीत नाही, त्याची काळजी आपणच घ्यावयाची असते.