थंडीनें नळ कां फुटतात?

गोंदिया जिल्ह्यांत पौष-माघांतील थंडी कितीही बोचरी असली, तरी तिनें घरांतील नळ फुटल्याचें कोणी ऐकिलें नसेल. पाणी गोठण्यास उष्णमान ० अंश सेल्सिअसपर्यंत उतरावें लागतें. आपल्याकडे तें इतकें उतरत नाहीं. परंतु आपलीं मुलें आज दूरदेशीं जातात, म्हणून ही माहिती पालकांसही असावी.

अमेरिकेंतील टेक्सस राज्यही उष्णच. ह्यूस्टन व डॅलस येथें पुष्कळ मराठी कुटुंबें राहतात. फेब्रुवारी २०२१ मध्यें तेथें हिमवादळ आलें, लक्षावधि घरांची वीज गेली व असंख्य नळ फुटले. सरकारी गणनेप्रमाणें त्या आपत्तींत २४६ माणसें दगावलीं. थंडीची संवय नसलेलीं घरेंच अशा वेळीं अधिक नाडलीं जातात.

बहुतेक पदार्थ थिजतांना आकसतात. पाणी मात्र गोठतांना सुमारें शेंकडा ९ फुगतें. नळींत बर्फाचा बोळा बसला, कीं तो व बंद तोटी यांमधील पाणी कोंडतें. बर्फ वाढतो तसा त्या पाण्याचा दाब वाढतो आणि नळी फुटते. तीही पुष्कळदां बर्फ नसलेल्या जागीं!

यास्तव उघड्या नळ्यांस जाड आच्छादन गुंडाळावें. कडक थंडीच्या रात्रीं तोटी किंचित् उघडी ठेवावी, म्हणजे दाब कोंडत नाहीं. परगांवीं जातांना मुख्य तोटी बंद करून नळ्या रिकाम्या कराव्या. गोठलेली नळी ज्योतीनें तापवूं नये; ऊन पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें शेकावी.

दूरदेशींच्या मुलास क्षेमकुशल विचारतांना एवढेंही विचारावें: घरांतील मुख्य तोटी कोठें आहे, हें तुला ठाऊक आहे ना?