ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांचे हक्क

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील अनेक गावे ओस पडू लागतात. कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. या व्यवसायात पती-पत्नीच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून मिळणारी उचल दोघांच्या श्रमावर असते. व्यवहार मात्र बहुधा पुरुषाच्याच नावे होतो. मोळ्या बांधून डोक्यावरून वाहनापर्यंत नेणाऱ्या स्त्रीचे नाव हिशेबात सहसा आढळत नाही.

फडावरील श्रमांखेरीज पाणी आणणे, भाकरी करणे, मुले व आजारी माणसे सांभाळणे ही कामेही तिच्याचकडे येतात. त्यांना मजुरी नाही आणि सुटीही नाही. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७ मिनिटे. आई फडात असताना धाकट्या भावंडांचा भार थोरल्या मुलीवर पडतो व तिची शाळा सुटते.

कायदा या स्त्रीस काय देतो? १९७६ च्या समान वेतन अधिनियमाचे तत्त्व आता २०१९ च्या वेतन संहितेत समाविष्ट आहे. परंतु जिची स्वतंत्र नोंद नाही, तिने समान वेतन मागावे कशाच्या आधारे? आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये झालेल्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आहे. तथापि बीडहून कोल्हापूरला जाणारे कुटुंब ‘आंतरराज्य’ या व्याख्येत येत नाही. तेच बेळगावीस गेल्यास येऊ शकते.

काही हक्क मात्र सीमेवर वा मुकादमाच्या वहीवर अवलंबून नाहीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा अधिनियमानुसार शिधापत्रिकेसाठी घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री ही कुटुंबप्रमुख असते, आणि धान्य आता अन्य जिल्ह्यात वा राज्यातही उचलता येते. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमानुसार दाखला मिळण्यास विलंब झाला म्हणून दुसरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मुलांना गावीच राहता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे.

ऊसतोड कामगारांची गावपातळीवर नोंद करून ओळखपत्रे देण्याची व्यवस्था राज्यशासनाने २०२१ मध्ये सुरू केली. ही नोंद करताना पतीबरोबर पत्नीचेही नाव स्वतंत्रपणे लिहिले जाते किंवा नाही, हे ग्रामपंचायतीने कटाक्षाने पाहावयास हवे. टोळ्या निघण्यापूर्वी शिक्षकांनी मुलांची, विशेषतः मुलींची यादी करावी. अंगणवाडी सेविकांनी गरोदर स्त्रिया व लहान बालकांची माहिती कामाच्या ठिकाणच्या केंद्रास कळवावी. ज्या गावी टोळ्या उतरतात तेथील पंचायतीनेही कोप्यांना भेट देऊन पाणी, शाळा व औषधोपचार यांची सोय पाहावी.

कोयता एक असला तरी त्यामागे माणसे दोन असतात. दुसऱ्या माणसाचे नाव कागदावर येणे, ही तिच्या हक्कांची पहिली पायरी होय.