दाढीचे मूळ

पोंभुर्णा तालुक्यातील एका शाळेच्या विज्ञान शिक्षकांनी पत्राने एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या शाळेतून दहावी होऊन गेलेली एक विद्यार्थिनी आता बावीस वर्षांची आहे. शाळेच्या दाखल्यावर तिचे नाव मुलाचे आहे. ती मात्र स्वतःला मुलगी समजते आणि तशीच राहते. अशा व्यक्तींना आपण पारलिंगी स्त्री किंवा ट्रान्सजेंडर स्त्री म्हणतो. तिची रोजची लढाई दाढीशी आहे. सकाळी तासभर आरसा आणि चिमटा घेऊन ती बसते. वर्षभर तिने औषधाच्या दुकानातून आणलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या, दाढी तशीच राहिली. मग एका पार्लरमध्ये ‘लाइट मारून’ घेतला, तर हनुवटीवर काळे चट्टे आले. शिक्षकांचा प्रश्न असा: दाढी कायमची जाते का, आणि जात असेल तर कशाने?

प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरात जीवशास्त्र, रसायन आणि भौतिकशास्त्र तिन्ही आहेत. शिवाय चिकणा चेहरा ही या मुलीच्या बाबतीत हौस नव्हे. बसमध्ये, बाजारात, नोकरीच्या मुलाखतीत लोक तिच्याकडे कसे पाहतील, हे पुष्कळदा तेवढ्यावर ठरते. पारलिंगी आरोग्याविषयीच्या जागतिक व्यावसायिक संघटनेने २०२२ साली काढलेल्या आठव्या मार्गदर्शिकेत चेहऱ्यावरील केस काढण्याची गणना वैद्यकीय गरजेत केली आहे, सौंदर्यप्रसाधनात नाही.

आधी केसाकडे पाहू. त्वचेवर दिसणारा केस निर्जीव असतो. तो केराटिन या प्रथिनाचा दोरा आहे. जिवंत भाग त्वचेच्या आत, एका अरुंद खळग्यात असतो. या खळग्याला रोमकूप म्हणतात. त्याच्या तळाशी रक्तवाहिन्यांनी पोसलेला एक छोटा उंचवटा असतो, आणि त्याच्याभोवतीच्या पेशी विभागून केस वर ढकलतात. रोमकूपाच्या साधारण मध्यावर, बाजूच्या फुगवट्यात मूलपेशी असतात. केस उपटला तरी या मूलपेशी जागेवरच राहतात आणि काही आठवड्यांत नवा केस तयार करतात. म्हणून केस ‘मुळासकट’ उपटला असे आपण म्हणतो, तेव्हा खरे मूळ आतच राहिलेले असते.

लहान मुलाच्या गालावरही रोमकूप असतात, पण त्यांतून नुसती लव येते. वयात येताना टेस्टोस्टेरॉन आणि त्यापासून बनणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके रोमकूपाच्या तळाशी पोचतात, आणि तो रोमकूप मोठा व खोल होऊन राठ, काळा केस काढू लागतो. गंमत अशी, की हीच संप्रेरके काही पुरुषांच्या डोक्यावरचे केस घालवतात. संदेश तोच, पण गालावरचा रोमकूप तो एका अर्थाने वाचतो आणि टाळूवरचा दुसऱ्या. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे गालावर झालेला बदल बहुतांशी परत फिरत नाही. पुढे टेस्टोस्टेरॉन कमी केले आणि इस्ट्रोजेन दिले, तर अंगावरचे केस विरळ होतात, दाढी जरा सावकाश वाढते, पण दाढीचा रोमकूप पुन्हा लवेचा होत नाही.

यात गोळ्यांचे उत्तर आले. दुकानातल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी दाढी जाणार नाही. उलट त्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेनमुळे, विशेषतः जास्त गोळ्या घेतल्यास, पायाच्या शिरांत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तंबाखू ओढणाऱ्यांना तो आणखी जास्त. संप्रेरके घ्यायचीच असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासून घ्यावीत. त्यांचे इतर परिणाम तिला हवे असतील. दाढीसाठी मात्र वेगळा उपाय करावा लागतो.

आता एक गैरसमज. वस्तरा फिरवल्याने केस दाट येतात, असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली मोजमाप करून दाखवले, की दाढी केल्याने केसाची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. वस्तऱ्याला रोमकूपाचा पत्ताच नसतो. निमुळते टोक कापले जाते आणि बोथट बुंधा हाताला लागतो, म्हणून केस राठ वाटतो एवढेच. आणखी एक मजेदार नोंद आहे. १९७० साली ‘नेचर’ या नियतकालिकात एका शास्त्रज्ञाने, नाव न छापता, आपल्या रोजच्या दाढीचे वजन करून ती संप्रेरकांप्रमाणे कशी कमीजास्त होते ते प्रसिद्ध केले होते! प्रयोगाला साधने फारशी लागत नाहीत, चिकाटी लागते.

चिमट्याची गोष्ट वेगळी आहे. तृतीयपंथी समाजात वस्तऱ्यापेक्षा चिमटा वापरण्याची जुनी रीत आहे, कारण गाल काही दिवस गुळगुळीत राहतो. पण राठ केस वर्षानुवर्षे उपटले की रोमकूपाची नळी वाकडी होते. नवा केस बाहेर येण्याऐवजी त्वचेतच वळतो, तिथे पुळी येते, आणि सावळ्या त्वचेवर प्रत्येक पुळी मागे काळा ठिपका ठेवते. चिमटा दोघी-तिघींत मिळून वापरला तर रक्तातून पसरणाऱ्या काविळीचीही भीती. थोडक्यात, रोजच्यापुरता स्वच्छ वस्तरा चिमट्यापेक्षा पुष्कळ बरा. हे ऐकायला विचित्र वाटेल, कारण वस्तरा ‘पुरुषाचा’. त्वचेला मात्र त्यातले काही कळत नाही.

केस विरघळवणारी लेपे फार जुनी आहेत. सुश्रुतसंहितेत दोन भाग शंखचूर्ण आणि एक भाग हरताळ यांचा लोमशातनाचा लेप सांगितला आहे. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे सल्फाइड, म्हणजे विषच. ते आज कोणी वापरू नये. आजच्या क्रीममधले थायोग्लायकोलेट केराटिनमधले गंधकाचे बंध तोडते आणि केस लगद्यासारखा होतो. पण त्वचेतही केराटिन असते, त्यामुळे दाढीच्या राठ केसासाठी क्रीम जास्त वेळ ठेवले की गाल भाजतो. एफ्लोर्निथीन नावाचे एक मलम केसाची वाढ मंदावते (हेच आफ्रिकेतल्या निद्रारोगावरचेही औषध), पण लावणे थांबवले की वाढ पूर्ववत.

मग कायमचा उपाय कोणता? रोमकूपाचा तळ आणि मूलपेशींचा फुगवटा दोन्ही नष्ट झाले पाहिजेत, आणि आजूबाजूची त्वचा शाबूत राहिली पाहिजे. या दुसऱ्या अटीकडे दुर्लक्ष झाले की काय होते याचा इतिहास वाईट आहे. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. १८९६ मध्येच व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका लहान मुलीच्या पाठीवरचे केस क्ष-किरणांनी घालवले. केस गेले, पण चिघळलेली जखम राहिली. तरीही १९२० च्या दशकात अमेरिकेत ‘ट्रायको’ नावाच्या यंत्राने हजारो स्त्रियांच्या हनुवटीवर क्ष-किरण सोडले गेले. पुढे त्यांतल्या अनेकींना त्वचेचा कर्करोग झाला. वेदना नाही, डाग नाही अशी त्या यंत्राची जाहिरात होती.

त्याआधीच एक चांगली पद्धत सापडली होती. सेंट लुई येथील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांच्याकडे पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासणारे रुग्ण येत. त्यांनी बारीक सुई रोमकूपात घालून तीतून विजेचा सौम्य प्रवाह सोडला. १८७५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. यात जळते ते विजेने नव्हे, रसायनाने. शरीरातल्या द्रवात मीठ असते. सुई ऋणाग्राला जोडलेली असते, धनाग्र रुग्णाच्या हातात. सुईपाशी पाण्याचे विद्युत अपघटन होऊन हायड्रोजन निघतो आणि सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा तयार होतो. तो रोमकूपाच्या पेशी विरघळवतो.

हे वर्गात दाखवता येते. टीपकागद हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवा. मग तो मिठाच्या पाण्याने ओला करा आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या तारांना जोडलेली पेन्सिलची दोन शिसे त्यावर थोड्या अंतरावर टेकवा. ऋण टोकाखाली हळद लाल होते. हळद-कुंकवातली हीच क्रिया: हळद अल्कलीत लाल होते. धन टोकापाशी थोडा क्लोरीन निघतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा. प्रयोग कागदावरच करायचा, हातावर नाही, हे मुलांना बजावून सांगा.

आता हिशेब. एका केसासाठी १ मिलिअँपिअर प्रवाह १० सेकंद दिला असे धरू. विद्युतभार झाला ०.०१ कूलोम. फॅरेडेच्या नियमाप्रमाणे ९६,५०० कूलोममागे ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा मिळतो, म्हणजे इथे मिळेल सुमारे ४ मायक्रोग्रॅम. मिठाचा बारीक कण यापेक्षा कितीतरी जड असतो. एवढासा सोडा एका रोमकूपाला पुरतो, आणि रोमकूपाबाहेर पसरण्याइतका उरत नाही. पद्धतीची सुरक्षितता या लहान आकड्यात आहे. पुढे सुईतून उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडून उष्णतेने पेशी मारण्याची रीत आली, आणि दोन्ही एकत्र करणारीही.

सुईची पद्धत कोणत्याही रंगाच्या केसावर आणि कोणत्याही रंगाच्या त्वचेवर चालते. ‘कायमचे काढणे’ हा शब्द अमेरिकेचे औषध प्रशासन फक्त हिच्यासाठी वापरू देते. अडचण एकच, पण मोठी: एका वेळी एक केस. दाढीचे केस हजारोंनी मोजावे लागतात, म्हणून पूर्ण दाढीला शंभराहून अधिक तास सहज लागतात आणि ते दोन-तीन वर्षांवर पसरतात. दुखतेही, विशेषतः वरच्या ओठावर. वर्षानुवर्षे चिमटा वापरला असेल तर वाकड्या नळीत सुई नीट जात नाही आणि काम आणखी लांबते. सुई प्रत्येक व्यक्तीसाठी नवी आणि निर्जंतुक हवी.

लेसरचे तत्त्व याहून वेगळे आहे. मैमन यांनी १९६० साली पहिला लेसर बनवला. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी एक सुंदर कल्पना मांडली: प्रकाशाचा रंग आणि त्याच्या झोताची वेळ नेमकी निवडली, तर त्वचेतला एकच घटक तापवता येईल. केसात मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य असते. काळी छत्री उन्हात तापते तसा काळा केस लेसरने तापतो आणि ती उष्णता बाजूच्या मूलपेशींना मारते.

पण मेलॅनिन त्वचेच्या वरच्या थरातही असते, आणि आपल्याकडे ते भरपूर असते. त्या मुलीच्या हनुवटीवर चट्टे बहुधा यामुळेच आले. यातून दोन वाटा निघतात. पहिली वेळेची. भाजलेला पापड ताटात येईपर्यंत थंड होतो, भाजलेला बटाटा सोलताना हात पोळतो. पातळ वस्तू लवकर निवते, जाड सावकाश. त्वचेचा वरचा थर काही मिलिसेकंदांत निवतो, राठ केसाच्या रोमकूपाला त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. झोत या दोहोंच्या मधल्या लांबीचा ठेवला आणि वरून त्वचा थंड करत राहिले, तर थर वाचतो आणि रोमकूप तापतो. दुसरी वाट तरंगलांबीची. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट लेसर मेलॅनिन फार शोषते. तो गोऱ्या त्वचेसाठी ठीक. सुमारे ८१० चा डायोड मधला. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर मेलॅनिन कमी शोषते आणि तो खोलवर पोचतो, म्हणून सावळ्या व काळ्या त्वचेसाठी तो सर्वांत सुरक्षित. पार्लरमधला ‘लाइट’ पुष्कळदा लेसर नसतोच. तो अनेक तरंगलांबींचा झगझगीत दिवा असतो आणि गडद त्वचेवर भाजण्याचा धोका त्यात जास्त.

इथे चंद्रपूर-गडचिरोलीचे ऊन मध्ये येते. मोहफुले वेचण्यापासून तेंदूपत्त्याच्या हंगामापर्यंत, पारा ४५ अंशांपुढे असताना जो चेहरा दिवसभर उन्हात असतो, त्याच्या वरच्या थरात मेलॅनिन वाढलेले असते. अशा रापलेल्या चेहऱ्यावर लेसर घेऊ नये. माझ्या मते आपल्या भागात उपचार दिवाळीनंतर सुरू करून उन्हाळ्यापूर्वी एक फेरी संपवावी, आणि त्या काळात तोंडाला ओढणी किंवा शेला गुंडाळल्याशिवाय उन्हात जाऊ नये.

लेसरच्या बैठका सहा-आठ किंवा जास्त लागतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, कारण वाढीच्या अवस्थेतल्या केसावरच तो नीट चालतो आणि सगळे केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात. समजा प्रत्येक बैठकीत उरलेल्यांपैकी एक पंचमांश केस जातात. सहा बैठकांनंतर ०.८ चा सहावा घात, म्हणजे सुमारे २६ टक्के उरतील, आठनंतर १७. शून्य कधीच नाही. (नववी-दहावीच्या मुलांना हा हिशेब द्यावा.) म्हणून लेसरला ‘कायमची घट’ म्हणतात. क्वचित उलटेही होते: लेसरच्या कडेची लव उत्तेजित होऊन राठ होते. दक्षिण आशियाई चेहऱ्यांवर हे आढळले आहे.

व्यवहारात मला पटणारा क्रम असा. आधी एनडी-याग लेसरने काळ्या केसांचे रान विरळ करावे, मग उरलेले केस सुईने काढावेत. सुईचे तास त्यामुळे पुष्कळ वाचतात. लेसरआधी चिमटा, दोरा आणि वॅक्सिंग चार-सहा आठवडे पूर्ण बंद हवे, कारण केसच उपटला तर लेसरने तापवायचे काय? दाढी मात्र करता येते, किंबहुना करूनच जायचे असते. आधीचे चट्टे पूर्ण निवळेपर्यंत थांबावे. जिल्ह्यात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सल्ल्यासाठी पहिली पायरी तिथला त्वचारोग विभाग. खाजगी ठिकाणी जायचे झाल्यास पैसे भरण्याआधी विचारावे: यंत्र कोणते आणि किती नॅनोमीटरचे? चालवणार कोण? कानामागे किंवा जबड्याखाली एक छोटा झोत मारून काही दिवस वाट पाहणार का? डोळ्यांवर संरक्षक चष्मा देणार का? ‘सगळ्यांना चालते’ असे उत्तर आले तर उठून यावे.

वयाचाही मुद्दा आहे. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसते, त्यामुळे कोणत्याही लेसरला तो दिसत नाही. विशीतल्या मुलीपुढे दोन्ही वाटा खुल्या आहेत. पन्नाशीत पिकलेल्या दाढीसह उपचाराला येणाऱ्या बाईपुढे पांढऱ्या केसांसाठी सुईच उरते, आणि सुईचे काम जाणणारी माणसे लहान गावांत सहसा मिळत नाहीत.