दुधाच्या पिशवीवरचं राजकारण

बंगळुरूतल्या यशवंतपूरच्या दुकानात पहाटे कर्नाटकच्या सहकारी दूध महासंघाची निळी ‘नंदिनी’ पिशवी उचलणाऱ्याला एप्रिल 2023 मध्ये त्यातून राजकारणही करता आलं. ‘अमूल’ने बंगळुरूत ताजं दूध आणण्याची घोषणा केली. त्याआधी डिसेंबरात केंद्रीय सहकारमंत्री अमित शहा मंड्यात दोन्ही संस्थांच्या सहकार्याबद्दल बोलले होते. त्यामुळे नंदिनी गिळली जाणार, हा संशय पेटला. विधानसभा निवडणूक तोंडावर होती. शहरातल्या हॉटेलचालकांच्या संघटनेने फक्त नंदिनीच वापरण्याचं आवाहन केलं.

बहिष्कार कुठे टिकतो? जिथे पर्याय हाताशी असतो आणि खिशाला झळ बसत नाही. नंदिनीचं टोन्ड दूध तेव्हा लिटरला 39 रुपये होतं, अमूलचं 54. म्हणजे निष्ठा आणि काटकसर एकाच बाजूला! उलट 1905 मध्ये स्वदेशी चळवळीत पुण्यात विदेशी कापडाची होळी करणाऱ्यांनी घरातलं चांगलं कापड जाळलं. तो त्याग मला फार मोठा वाटतो.

पण स्वस्त म्हणून हा विरोध खोटा ठरत नाही. अमूलही सहकारी संस्थाच, गुजरातच्या शेतकऱ्यांची. लोकांचा आक्षेप मुख्यतः निर्णय कोण घेणार यावर होता. जून 2025 मध्ये बंगळुरूच्या मेट्रो स्थानकांत अमूलला जागा दिल्यावर वाद पुन्हा उसळला, आणि दहापैकी आठ जागा नंदिनीला देण्याचं सरकारने जाहीर केलं.