मराठवाड्यातील कुस्त्यांची दंगल

गावच्या यात्रेनिमित्त मातीत भरणाऱ्या इनामी कुस्त्यांना मराठवाड्यात दंगल म्हणतात. छत्रपती संभाजीनगरातील शहागंजच्या बाजारपेठेतून आसपासच्या गावी दंगल पाहायला जाणाऱ्या नवख्या प्रेक्षकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण मोजले जातात. दंगलीत मात्र प्रतिस्पर्ध्याला चितपट केले, की कुस्ती निकाली. बराच वेळ झुंजूनही निकाल न लागल्यास पंच ती बरोबरीत सोडवतात.

सुरुवात लहान मुलांच्या कुस्त्यांनी होते. त्यांना रेवड्या किंवा थोडे पैसे मिळतात. पुढे इनाम वाढत जाते आणि सर्वांत मोठ्या रकमेची, मानाची कुस्ती शेवटी लागते. अनेक जोड्या आयत्या वेळी मैदानातच ठरतात. पैलवान फेरी मारतो, तोडीचा गडी पुढे येतो, पंच दोघांची अंगकाठी जोखतात. हा भाग चुकवू नये. पैलवानाची पारख इथेच होते. मग हलगी कडाडते, शड्डू घुमतात. एखादा डाव रंगला, तर प्रेक्षकही जागच्या जागी बक्षीस लावतात.

छत्रपती संभाजीनगर शहराचे कुस्तीशी नाते जुने आहे. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये इथेच, तेव्हाच्या औरंगाबादेत झाली. सांगलीचे दिनकर दह्यारी तीत विजयी झाले.