दंडावरची देवी



आपल्या राहू बेटातल्या साठीपुढच्या कोणाही माणसाला हात दाखवायला सांगा. बहुतेकांच्या हातावर गोल वण दिसेल. "देवी काढल्याची खूण हाय ती," असं म्हातारी माणसं सांगतात. ही खूण आपल्यापर्यंत कशी आली, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

एडवर्ड जेन्नर हा इंग्लंडातल्या बर्कली गावचा. जन्म 1749 चा. पोरवयातच एका सर्जनच्या हाताखाली उमेदवारी केली, लंडनला जाऊन शिकला आणि परत गावीच दवाखाना चालवू लागला. त्या काळी देवीपासून वाचायला खऱ्या देवीचाच पू टोचत. पुष्कळ जण वाचत, पण काही दगावत आणि शेजाऱ्यालाही लागण होई. गाईच्या सडावरच्या फोडांची लागण धार काढणाऱ्यांच्या हाताला झाली, तर त्यांना पुढे देवी येत नाही, असे त्या भागातले गवळी-शेतकरी म्हणत. जेन्नरने हे बोलणे हसण्यावारी नेले नाही. 14 मे 1796 रोजी एका गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस त्याने माळ्याच्या आठ वर्षांच्या पोराला टोचली. जुलैत खऱ्या देवीचा पू टोचून पाहिला, पण पोराला देवी आली नाही. विद्वानांच्या सभेने त्याचा लेख परत केला, तेव्हा 1798 मध्ये त्याने पदरचे पैसे घालून पुस्तक छापले. गोरगरिबांना तो आपल्या बागेतल्या झोपडीत फुकट टोचीत असे.

आता खरी अडचण पुढेच होती. तेव्हा बर्फ नाही, थंड पेटी नाही. लांबच्या उन्हाच्या वाटेत वाळलेली लस निकामी व्हायची. मग एकच उपाय उरला. एकाला टोचायचे, आठवड्याने त्याच्या फोडातली ताजी लस दुसऱ्याला, त्याची तिसऱ्याला. सर्जन कितीही हुशार असो, आठव्या दिवशी पुढचा हात मिळाला नाही की सगळे मुसळ केरात!

अशीच लस बगदाद, बसरा करीत मुंबईला आली. 14 जून 1802 रोजी डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचले आणि लस लागू पडली. हिंदुस्थानातली ही पहिली लस. पुढच्या आठवड्यात तिच्या हातावरून पाच मुलांना टोचले. तिथून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासकडे गेली. सर्जनांची नावे पुस्तकात राहिली. पण आपल्या लेकराचा हात पुढे करणाऱ्या आयांनीच ही साखळी तुटू दिली नाही. सहकार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

1977 मध्ये आपला देश आणि 1980 मध्ये सारे जग देवीमुक्त जाहीर झाले. पण बाकीच्या रोगांची साखळी आपल्यालाच सांभाळायची आहे. गोवराची लस नवव्या महिन्यात असते. ऊसतोड मजुरांची कित्येक पोरे नेमकी गळिताच्या हंगामात, कोपीवर असतानाच नऊ महिन्यांची होतात. गाव सुटले की त्यांची तारीख चुकते.

तेव्हा सभासदांनो, आपल्या फडात टोळी उतरली की मुकादमाला एवढे जरूर विचारा, "लहान पोरं किती? टोचून झालंय का?" आरोग्य केंद्रात लस फुकट आहे. गाडी आपली असेल तर घेऊन जा. ऊस एक दिवस थांबेल, पोराची तारीख थांबत नाही.