वापसा म्हणजे काय रे भाऊ?

सिव्हिलवाल्यांना काळी माती म्हटलं की कपाळावर आठ्या पडतात. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतींना भेगा पाडते. शक्य असेल तर उकरून काढा आणि मुरूम भरा, असंच आम्हाला शिकवतात. पण परभणी जिल्ह्यातली बरीचशी शेती याच मातीवर उभी आहे, तिथे काय उकरणार?

बेसाल्ट खडक झिजून ही माती तयार झाली. भारी जमिनीत निम्म्याच्या आसपास चिकणकण, म्हणजे ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक! त्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे थर वहीच्या पानांसारखे असतात. पानांमध्ये पाणी शिरलं की वही फुगते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा असतात, त्यातून पहिला पाऊस थेट खाली उतरतो. पण माती फुगून भेगा मिटल्या की दार बंद. मग पाणी फारच हळू मुरतं. वर तळं साचतं आणि खाली सोयाबीनची मुळं गुदमरतात.

आता वापसा. मी कॉन्व्हेंटची, हा शब्द मला आजोळी, पूर्णा तालुक्यात कळला. पाऊस उघडला की मामा रानात जाऊन मूठभर माती दाबतो. गोळा चिकट राहिला तर "थांब माय, आजून वापसा न्हाई." बोट लावताच भुसभुशीत फुटला तर वापसा आला, औत घाला. लॅबमध्ये आपण मातीचा ३ मिलिमीटरचा दोरा वळतो आणि तो तुटू लागला की प्लॅस्टिक लिमिट लिहितो. मामाचा वापसा साधारण त्याच्या जरासा खालीच असतो. ओव्हन नाही, वजनकाटा नाही!

ओल्यात ट्रॅक्टर घातला तर चाकाखाली माती दबते, हवापाण्याची छिद्रं बुजतात आणि नांगराच्या तळाशी घट्ट थर बसतो. मुळं तिथे अडून आडवी पसरतात. काळी माती भेगाळून थोडीफार दुरुस्ती स्वतःच करते, पण दरवर्षी तेच केलं तर तीही किती करणार? उलट फार वाळू दिली तर नुसती ढेकळं निघतात. मधले दिवस मोजकेच. बैल होते तेव्हा ते साधायचं. आता ट्रॅक्टर तासावर, नंबर लागेल तेव्हा. मामाने एकदा दारात आलेला ट्रॅक्टर परत पाठवला. पुन्हा नंबर लागेपर्यंत आठ दिवस गेले, पेरणी लांबली, मामीची बोलणी खाल्ली ती वेगळीच. तरी मला त्याचं पटतं. एक पेरणी लांबते, तो थर मात्र वर्षानुवर्षं छळतो.

शेणखत आणि कुजलेला काडीकचरा यांनी माती मोकळी राहते, म्हणून सोयाबीनचं काड पेटवू नये. दुसरा उपाय बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने काळ्या जमिनीसाठी ही पद्धत विकसित केली. परभणीचं कृषी विद्यापीठही तिची शिफारस करतं. पीक वरंब्यावर, जास्तीचं पाणी सरीतून बाहेर, आणि उघडीप पडली तर सरीत मुरलेली ओल कामी येते. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. तसा पाऊस कोसळला की कुठलीच सरी पुरत नाही, हेही खरं. पण नेहमीच्या झडीत फरक पडतो.

मामाने दोनच एकरांवर बीबीएफ केलं. पेरणीयंत्र गावात एकच, आणि वापसा सगळ्यांच्या रानात एकाच वेळी येतो. मेकॅनिकलवाल्यांनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधताय ना?